मामा, भिंत अजून उघडीच आहे

मामा,

तुमच्या घरात मी पहिल्यांदा 'नाही' म्हणालो, ते तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी. तुम्हाला पोचवून आम्ही नुकतेच परत आलो होतो. अंगणात पायांवर पाणी घेतलं, कडुलिंबाचा पाला चावला. आत बायकांनी पीठ चाळून ठेवलं होतं. जिथं माणसाचा जीव जातो तिथं पीठ पसरायचं, त्यावर दिवा लावायचा आणि दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. तुमचा जीव तळघरात गेला, म्हणजे दिवा तळघरात. यात कुणाला काही विचारण्यासारखं नव्हतंच. मामी पणती घेऊन जिन्याकडं निघाल्या आणि मी जिन्याच्या तोंडाशी आडवा उभा राहिलो.

"दिवा खाली नको," मी म्हणालो.

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. तुमचे धाकटे भाऊ, तात्या, जागेवरून उठले. "पाव्हणं, तुमी कारखान्यात सेफ्टीचं साहेब हाय, ते खरं. पर दादाचा दिवा कुटं लावायचा ही काय पाव्हण्यानं ठरवायची गोष्ट हाय व्हय?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाप जाऊन अर्धा दिवस झालेल्या माझ्या बायकोनं, रोहिणीनं, माझा दंड धरला. तुमचा सतीश एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघत राहिला. आणि मामींना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांना काहीच कळलं नव्हतं. पणती ओंजळीत धरून त्या तशाच उभ्या होत्या, मी वाट कधी सोडतोय याची वाट बघत.

मामा, हे असं होणार हे तुम्हाला मी किती वर्षं सांगत होतो. दिव्याचं नव्हे, मला काय ठाऊक दिव्याचं! पण कधीतरी त्या खोलीत जाळ नेण्याची वेळ येईल आणि तेव्हा कुणालातरी मध्ये उभं राहावं लागेल, हे मला माहीत होतं. तो कुणीतरी मी असेन आणि निमित्त तुम्ही असाल, एवढंच माहीत नव्हतं.

तळघर तसं ठरवून झालं नाही. भवानीनगरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून तुमची वस्ती, जागा उताराची. घर बांधताना पाया खोल गेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढं खणलंच हाय तर खोलीच करू. डाळिंब आणि ढोबळी मिरची हे तुमचं नेहमीचं. पण कुठल्याशा कृषी प्रदर्शनात तुम्ही अळंबी बघून आलात आणि तुमच्या डोक्यात ती शिरली. अळंबीला थंडावा पाहिजे. मग पुण्याहून माणसं आली, त्यांनी पाइपातून भिंतींवर आणि छताला फोम फवारला. तो फुगताना बघायला अर्धी वस्ती गोळा झाली होती म्हणे. मी आलो तेव्हा काम झालं होतं. आंबलेलं पीठ भांड्याबाहेर यावं तसा पिवळट फोम चारी भिंतींवर फुगून बसला होता आणि मध्यभागी तुम्ही, नव्या नवरदेवासारखे खूश.

"कसं काय, पाव्हणं?"

मी म्हणालो, "मामा, थंडाव्याला एक नंबर. फक्त असा उघडा ठेवू नका, हा पेटतो. वरून झाकून घ्या."

"व्हय की," तुम्ही म्हणालात. "सतीश, पाव्हण्यास्नी चहा सांग."

त्या दिवशी मला वाटलं, काम झालं. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, सासुरवाडीची रीत मला कळायची होती. आमच्या बारामतीच्या घरात कुणाला काही पटलं नाही तर तो तोंडावर सांगतो, दोन दिवस धुसफूस होते आणि विषय मिटतो. तुमच्याकडं जावयाच्या शब्दाला 'नाही' म्हणायचंच नाही. जावई म्हणाला आज पश्चिमेला सूर्य उगवला, तर तुम्ही खुर्च्या उलट्या फिरवून मांडाल! आणि जावई गेला की आपल्याला करायचं तेच करायचं. रोहिणीनं मला हे पुढं कधीतरी समजावलं. "आप्पा तुम्हाला व्हय म्हणाले म्हणजे त्यांनी तुमचा मान ठेवला," ती म्हणाली. "ते ऐकणार आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

पुढच्या खेपेला तुम्ही खिशातून लायटर काढलात. फोमचा एक तुकडा चिमट्यात धरलात, त्याला जाळ लावलात. तुकडा काळा झाला, पेटला, आणि लायटर बाजूला करताच विझला. "इजला!" तुम्ही म्हणालात आणि टाळीसाठी हात पुढं केलात. फोम विकणाऱ्यानं तुम्हाला ही जादू शिकवून ठेवली होती आणि तुम्ही ती आल्यागेल्याला दाखवत होतात. दूधवाल्याला दाखवली, वायरमनला दाखवली, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनासुद्धा दाखवली.

मग मीही जिद्दीला पेटलो. गोठ्यामागं मोकळ्या रानात उरलेले तुकडे घेतले आणि पत्र्याला टेकवून त्यांचा कोपरा केला, दोन भिंती आणि वर छत. आत कापूस पेटवला. सुरुवातीला काहीच झालं नाही, तुम्ही माझ्याकडं बघून मिशीत हसलात. आणि मग एका भिंतीची धग दुसरीला लागली, दुसरीची छताला, आणि भप्पकन सगळं एकदम पेटलं. काळा धूर असा सुटला की बैल दाव्याला हिसके द्यायला लागले. तुम्ही खोकत खोकत पाटीनं माती ओतलीत. मी म्हणालो, "मामा, एकटा तुकडा विझतो. खोली विझत नाही."

तुम्ही पायानं ती काळी माती उकरून बघितलीत. नंतर म्हणालात, "पाव्हण्यांनी लई झाक दाखवलं," आणि त्या दिवशी माझ्यासाठी कोंबडं कापलंत. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की भिंत तशीच राहणार.

पण तुम्ही अगदीच काही केलं नाहीत असं म्हणता येणार नाही. त्या दिवाळीत पाडव्याला आलो तर तुम्ही मला हाताला धरून खाली नेलंत. "बगा, झाकली भिंत." मी बघतच राहिलो. तालुक्यातले सगळे जुने फ्लेक्स तुम्ही गोळा करून आणले होते आणि खिळ्यांनी फोमवर ठोकले होते. चारी भिंतींवरून वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. गॉगल लावलेले, हात जोडलेले, एका कोपऱ्यात कुणाचं तरी अर्धंच डोकं. फोमवर प्लास्टिक! पेटायला राहिलेली कसर तुम्ही स्वखर्चानं भरून काढली होती. मी हसत सुटलो, तुम्हीही हसलात. आणि मला आजही कळत नाही की तुम्ही ते खरंच मनापासून केलं होतंत की माझी फिरकी घेत होतात. विचारायचं राहूनच गेलं. ते फ्लेक्स मात्र मी जायच्या आधी सतीशकडून उतरवून घेतले.

मामा, माझं म्हणणं एवढंच होतं, आणि ते तुम्हाला पाठ झालं होतं. वर जिप्समचं अर्ध्या इंचाचं बोर्ड मारा, नाहीतर लोखंडी जाळी ठोकून प्लॅस्टर करा. आग लागलीच तर ते आवरण फोमला साधारण पंधरा मिनिटं तापू देत नाही. पंधरा मिनिटांत म्हातारं माणूससुद्धा जिना चढून बाहेर येतं. उघड्या फोमच्या खोलीत तेवढा वेळ मिळत नाही. जाळाच्या आधी धूरच माणसाला गाठतो, आणि तळघरात धुराला जायला वाट नसते, माणसाला एकच जिना असतो. वायरीचं एक ढिलं टोक पुरतं. "व्हय व्हय," तुम्ही म्हणायचात. "ह्यो ऊस तुटून जाऊंद्या, मग बगू." ऊस तुटला की डाळिंबाचा बहार, बहार झाला की मिरचीची लागण.

पुढं अळंबी बंद झाली. दोन-चार पिकं निघाली, मग तुमचा त्यातला जीव उडाला. मांडण्या सतीशनं विकल्या. मला वाटलं, आता तरी फोम खरवडून काढू, गरजच काय त्याची? तेव्हा तुम्ही, मामा, पहिल्यांदा माझं बोलणं मध्येच तोडलंत. "ऱ्हाऊंद्या," म्हणालात. "आमी दोगं बसतो तितं दुपारचं. गार वाटतं." आणि लगेच जीभ चावून, "तुमी म्हनत असाल तर काडू की."

कॉट टाकलीत, एक खुर्ची ठेवलीत, एक टेबलफॅन. तुमच्या छातीचं दुखणं सुरू झाल्यावर उन्हाचं बाहेर पडायचं नव्हतंच. रोज जेवण झालं की तुम्ही आणि मामी खाली. मी फोनवर रोहिणीला म्हणायचो, आप्पांना सांग, निदान ती फॅनची वायर भिंतीला लागू देऊ नका. ती सांगायची. तुम्ही म्हणायचात, व्हय.

खरं सांगू? मला तुमचा राग यायचा. तुम्हाला शिकलेल्या माणसाचं कौतुक होतं, गावात माझी ओळख करून देताना तुमची छाती फुगायची, "आमचं पाव्हणं माणसं वाचिवत्यात," असं सांगायचात. आणि त्याच पाव्हण्याचं घरात ऐकायचं नाही. कधीकधी वाटायचं, तुम्ही एकदा तरी माझ्याशी कडाडून भांडायला हवं होतंत. मेहुण्याला शिव्या घालायचात तशा मला घालायला हव्या होत्यात. शिव्या खाल्लेला माणूस घरचा होतो. मी कायम पाहुणाच राहिलो, आणि पाहुण्याला कुणी कारण सांगत नाही.

तर त्या संध्याकाळी मी जिन्यात उभा होतो. रोहिणी आईच्या कानाशी वाकली आणि ओरडून म्हणाली, "आई, खाली फोम हाय. दिवा नको म्हणत्यात." एवढ्या माणसांत, अशा वेळी ओरडून बोलायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामींनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता या रडतील, नाहीतर म्हणतील, 'व्हय, पाव्हणं,' आणि मी गेल्यावर खाली जाऊन दिवा लावतील. दहा दिवस तिथंच बसतील, बायका सोबतीला बसतील, माझी बायकोही बसेल.

मामी म्हणाल्या, "खरंच पेटंल का वं?"

मामा, एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न तुमच्या घरात कुणीच विचारला नव्हता. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि हळूहळू, ओठ दिसतील असं बोललो. "दिव्यानं पेटेलच असं नाही, मामी. पण पेटलं तर तुम्हाला वर येता येणार नाही. मला तुम्हाला आत सोडवत नाही."

त्यांनी पणती माझ्या हातात दिली. "मग तुमीच ठिवा, तुमाला बरं वाटंल तितं." तुमची कॉट खाली जिथं होती, त्याच्या बरोबर वरच्या खोलीत मी पीठ पसरलं आणि त्यावर दिवा ठेवला. मग तात्यांनीच वाऱ्याच्या बाजूनं पाट आडवा लावला.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. मी सतीशला म्हणालो, गवंडी बघ, आता भिंत झाकून टाकू. तो म्हणाला, "दाजी, एकदा आईला इचारू."

मामींना विचारायला गेलो तर त्या तळघरातच होत्या, तुमच्या कॉटच्या कडेला, दिवा नाही, फॅन नाही, नुसत्या बसलेल्या. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलो. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. यंदाही त्यांची ती छाती धडधडवणारी गाणी लावलेली. वर घरात भांडीसुद्धा हलत होती, खाली मात्र काही नाही. मी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणालो, "चहा आणू का मामी?"

"नगं," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो, आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ओरडलो नव्हतो. त्यांची माझ्याकडं पाठ होती, माझे ओठही त्यांना दिसत नव्हते.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"हितं येतं," मामी म्हणाल्या. "वर न्हाय येत. वर फरशी हाय, मोटी खोली हाय, समदा निस्ता गलका. ते कानाचं मिशीन लावलं तर भांडंच डोक्यात पडल्यावानी हुतं. हितं भिती मऊ हायत. आवाज घुमत न्हाय. ह्यांचं समदं ऐकू यायचं मला."

त्या बोलत राहिल्या. तुम्ही त्यांना दुपारी काय काय सांगायचात ते. मिरचीला काय भाव लागला ते, सतीश काय बोलला ते. तरुणपणी एकदा तुम्ही रागावून दौंडपर्यंत गेला होतात आणि तिथून का परत आलात, तेही. "वर कसं बोलायचं आसलं?" त्या म्हणाल्या. "वरडून बोलायच्या गोष्टी हायत का ह्या? सून आसती, नातवंडं आसत्यात. गेलं त्या दिशी बी बोलतच हुतं. मी चहा टाकाय वर गेले."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "प्लॅस्टर केलं तर परत घुमंल म्हणायचं हे. म्हणून तुमाला दाद देत न्हवतं. पर तुमाला सांगत्यात कसं? जावयाला सांगायचं व्हय, की बायकूसंगं बोलाया खोली पायजे मला?"

मामा, अहो मामा, एकदा बोलला असतात! तुम्ही एकदा 'नाही' म्हणाला असतात तर मी 'का' विचारलं असतं. आणि कारण कळलं असतं तर दोन दिवसांत तोड काढली असती. तसं काम करता येतं ना! फोमवर जिप्समचं बोर्ड, त्यावर रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, ती जळत नाही आणि आवाज पिते. त्यावर भोकं पाडलेले सिमेंटचे बोर्ड. खोली सुरक्षितही झाली असती आणि मऊही राहिली असती. मी आयुष्यभर हेच करतो. नियमातून माणसाला बसेल अशी वाट काढायची, यालाच आम्ही नोकरी म्हणतो. मी प्लॅस्टर म्हणत राहिलो कारण ते तुम्हाला सोपं पडेल असं मला वाटलं. तुम्ही 'व्हय' म्हणत राहिलात कारण तुम्हाला माझं मन मोडवलं नाही. एकमेकांचा मान राखत आपण दोघांनी ती भिंत इतकी वर्षं उघडी ठेवली आणि त्या उघड्या भिंतींत तुम्ही दोघं रोज बसत राहिलात. काही झालं नाही, हे नशीब. पण मला त्या नशिबाचे आभार मानवत नाहीत, अंगावर काटाच येतो.

आणि तरी तुमचं कौतुक वाटतं. गावात तुम्ही कधी बायकोचं नाव घेतलं नाहीत. चारचौघांत तिच्याशी 'अगं' सोडून दुसरं बोलला नाहीत. मला वाटायचं, जुनी माणसं, यांचं काय बोलणं असणार. आणि तुम्ही तिच्या कानांसाठी एक अख्खं तळघर जपत होतात आणि बदल्यात जावयाचं व्याख्यान सालोसाल ऐकून घेत होतात.

मी मामींना म्हणालो, "भिंत झाकायलाच पाहिजे, मामी. पण—"

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. भिंतीवरून एकदा हात फिरवला. "झाका की," म्हणाल्या. "आता मला हितं कुणाचं ऐकायचंय?"

सोमवारी काम सुरू होतंय. वायरी लोखंडी पाइपात जातील, मागच्या झरोक्याची खिडकी मोठी होईल, बाहेर पडायला तिला शिडी लागेल. सतीश मला म्हणाला, "दाजी, रॉकवूल कशाला आता? आई झाका म्हणतीया, साधं प्लॅस्टर करून मोकळं हू." मी त्याला 'नाही' म्हणालो. तुमच्या घरात आता मला ते जमायला लागलंय.

खोली शांतच राहिली पाहिजे, मामा. दौंडहून तुम्ही का परत आलात ते मामींनी सांगितलं, पण रागावून गेला होतात कशासाठी, ते नाही सांगितलं. आणखीही पुष्कळ आहे. तुम्ही गेल्यावर मला तुमच्याविषयी विचारायचं सुचतंय, तर मी विचारीन, आणि ते मामींना ऐकू आलं पाहिजे.